हेलन केलर : पाण्याच्या पंपानंतरची गोष्ट

हेलन केलर हे नाव आपल्या मुलांना माहीत असते. शाळा मराठी असो की उर्दू, कधी ना कधी ही गोष्ट कानावर पडतेच. एक लहान मुलगी, दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. घरी शिकवायला एक बाई येतात. त्या मुलीचा एक हात पंपाच्या पाण्याखाली धरतात आणि दुसऱ्या हातावर बोटाने पाणी हा शब्द लिहितात. मुलीला एकदम कळतं, की जगातल्या प्रत्येक वस्तूला नाव असतं. इथे गोष्ट संपते. आम्हीसुद्धा इतकी वर्षे ती वर्गात इथेच संपवत आलो. घंटा होते, मुले डबे काढतात.

पंपाजवळचा तो दिवस होता ५ एप्रिल १८८७. हेलन तेव्हा पावणेसात वर्षांची होती. त्यानंतर ती एक्याऐंशी वर्षे जगली! एक्याऐंशी वर्षांची गोष्ट आम्ही मुलांना सांगतच नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्या घरातल्या लेकरांच्या डोळ्यांशी संबंध आहे तो याच भागाचा. म्हणून आज पंपापासून थोडे मागे आणि बरेच पुढे जाऊ.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी झाला. वालिद आर्थर केलर लष्करात कॅप्टन होते, नंतर वर्तमानपत्र चालवत. आईचे नाव केट. मूल जन्मले तेव्हा डोळे, कान सगळे ठीक होते. एकोणीस महिन्यांची असताना जोराचा ताप आला. डॉक्टरांना वाटले पोर जगत नाही. ताप उतरला, घरात खुशी झाली, आणि मग आईच्या लक्षात आले की डोळ्यांसमोर हात हलवला तरी पापणी मिटत नाही, घंटा वाजवली तरी मान वळत नाही. तो ताप कसला होता हे नक्की कळलेच नाही. कुणी मेंदूज्वर म्हणतात, कुणी लोहितांग ज्वर. त्या काळच्या डॉक्टरांनी दिलेल्या नावातून आज काही बोध होत नाही.

आईबाप मुलीला घेऊन फिरले. १८८६ मध्ये बाल्टिमोर शहरातल्या एका नामांकित नेत्रवैद्याकडे नेले. त्याने स्पष्ट सांगितले की या डोळ्यांसाठी काही करता येणार नाही, पण मुलगी शिकू शकेल. त्याने त्यांना टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलकडे पाठवले. बेल हे बहिऱ्या मुलांना शिकवायचे काम करत, हे पुष्कळांना माहीत नसते. बेलनी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचा पत्ता दिला. बाल्टिमोर हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

पर्किन्सने ज्या बाई पाठवल्या, त्यांच्याविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय पुढे जाणे आम्हाला जमणार नाही. एक तर आम्ही स्वतः मास्तर. दुसरे म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यांचा आजार म्हणजे काय, हे या बाईंच्या बालपणाइतके स्पष्ट कुठे दिसत नाही.

ॲन सुलिव्हन १८६६ साली आयर्लंडहून आलेल्या एका गरीब घरात जन्मल्या. पाच वर्षांच्या असताना त्यांच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या. डॉक्टरी भाषेत ट्रॅकोमा. हा एका जंतूमुळे होणारा आजार आहे. घाणेरडे हात, एकच टॉवेल, माश्या, पाण्याची टंचाई, यांतून तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. पापणीची आतली बाजू खरखरीत होते. पुढे पापणी आत वळते, पापणीचे केस बुबुळावर घासत राहतात आणि वर्षानुवर्षे घासून बुबुळावरची काच पांढरी पडते. आपल्याकडच्या जुन्या बायका याला खुपऱ्या म्हणत, आमच्या नानी रोहे म्हणायच्या. भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा आजार गेला, असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते २०२४ मध्ये. म्हणजे अगदी काल-परवा.

ॲनची आई क्षयाने गेली, बाप सोडून गेला. १८७६ मध्ये दहा वर्षांची होण्याआधीच ती आणि तिचा लहान भाऊ जिमी यांना मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ट्यूक्सबरी इथल्या सरकारी गरीबखान्यात पाठवले गेले. जिमीला कमरेच्या हाडाचा क्षय होता. काही महिन्यांत तो तिथेच गेला. ॲन त्या गरीबखान्यात साडेचार वर्षे राहिली. छप्पर मिळाले, जेवण मिळाले, डोळ्यांवर एक-दोनदा शस्त्रक्रियाही झाली, पण गुण आला नाही. तिला वाचता येत नव्हते, सही करता येत नव्हती. एकदा राज्याच्या दानधर्म मंडळाचे मोठे साहेब पाहणीला आले. ही मुलगी त्या घोळक्यामागून धावली आणि आपल्याला शाळेत जायचे आहे असे ओरडून सांगितले. तेवढ्यावर तिचे नशीब पालटले. १८८० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ती पर्किन्स शाळेत आली. बोस्टनमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि या वेळी वाचता येण्याइतकी नजर परत मिळाली.

इथे आम्हाला एक गोष्ट खटकते. गरीबखाना हेही दानच होते. लोकांच्या पैशातून ते चालत होते आणि हेतू वाईट नव्हता. पण त्या दानाने कधी विचारले नाही की इतक्या मुलांचे डोळे का जातात. ज्याचे डोळे गेले त्याला भाकरी द्यायची, एवढेच त्याला ठाऊक होते.

३ मार्च १८८७ रोजी या बाई टस्कंबियाला पोचल्या आणि महिनाभरात पंपाची गोष्ट घडली. पुढचे शिक्षण भराभर सांगतो, कारण ते पुस्तकांत सापडते. हेलन ब्रेल शिकल्या, बोलायला शिकल्या, १९०३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र पुस्तकरूपात आले आणि १९०४ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. अंध आणि बहिऱ्या व्यक्तीने बी.ए. होण्याची ती पहिली वेळ. वर्गात सुलिव्हन बाई शेजारी बसत आणि प्राध्यापकाचा शब्द न् शब्द त्यांच्या तळहातावर लिहीत. त्यात बाईंचे आधीच दुखावलेले डोळे आणखी बिघडले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

कॉलेज संपल्यावर हेलन केलर यांना मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०६ मध्ये अंधांसाठीच्या आयोगावर घेतले. तिथे त्यांच्यापुढे एक धक्कादायक गोष्ट आली. त्या काळी अमेरिकेच्या अंधशाळांत नव्याने येणाऱ्या मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त मुले जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आंधळी झालेली होती. कारण एकच. आईला परमा, म्हणजे उर्दूत ज्याला सुजाक म्हणतात तो आजार असेल, तर बाळंतपणात त्याचे जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात. दोन-तीन दिवसांत डोळे सुजतात, पू येतो, आणि उपचार झाला नाही तर बुबुळ फुटते. बहुतेक घरांत हा आजार आईला नवऱ्याकडून आलेला असे. तिला बिचारीला त्याचा पत्ताही नसे.

आणि यावरचा उपाय तर सापडलेला होता! जर्मनीत लाइपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे नावाच्या डॉक्टरने १८८० सालीच, म्हणजे हेलन जन्मल्या त्याच वर्षी, प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब टाकायला सुरुवात केली होती. आधी त्याच्या प्रसूतिगृहात शंभरातल्या दहा बाळांना हा आजार होई. थेंब सुरू झाल्यावर शंभरात एकही राहिला नाही. औषध स्वस्त, काम एका मिनिटाचे. तरी पंचवीस वर्षांनंतरही अमेरिकेत हजारो सुइणींना आणि कित्येक डॉक्टरांना त्याची खबर नव्हती, किंवा खबर असूनही ते थेंब टाकत नव्हते.

खबर का नव्हती? कारण बोलायची सोय नव्हती. आजार शरमेचा. वर्तमानपत्रे त्याचे नाव छापत नसत. घरंदाज बायकांपुढे हा विषय काढणे म्हणजे बेअदबी. हेलन केलर यांचे लग्न झालेले नव्हते, वय सत्तावीस-अठ्ठावीस, सगळ्या देशाची लाडकी. अशा बाईने १९०७ ते १९०९ च्या दरम्यान या विषयावर लेख लिहिले. त्यांपैकी काही लेडीज होम जर्नल या घराघरात जाणाऱ्या बायकांच्या मासिकात छापून आले. आजार कुठून येतो, बाळाच्या डोळ्यांत काय टाकायचे, सुइणीला काय विचारायचे, हे त्यांनी सरळ भाषेत लिहिले. १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अंधत्व टाळण्यासाठी एक समिती उभी राहिली, ती पुढे राष्ट्रीय संस्था झाली. एकेक राज्य नवजात बाळाच्या डोळ्यांत थेंब टाकणे सक्तीचे करत गेले. पन्नास वर्षांत अंधशाळांतून हे कारण जवळजवळ नाहीसे झाले.

हेलन यांचे स्वतःचे डोळे या आजाराने गेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्या स्वतःसाठी बोलत नव्हत्या.

या कामात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. डोळे जातात ते बहुतेक गरिबांचे. झोपडपट्ट्या, कारखाने, कोंदट खोल्या. त्यातून त्या समाजवादी झाल्या, १९०९ मध्ये पक्षातही गेल्या. ज्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर कौतुकाचा वर्षाव केला होता, तीच आता म्हणू लागली की आंधळ्या-बहिऱ्या बाईला राजकारणातलं काय कळणार. हा अनुभव आपल्या वाचकांना अनोळखी वाटणार नाही.

मात्र त्यांना आम्ही देव्हाऱ्यात बसवत नाही. १९१५ मध्ये शिकागोत एका डॉक्टरने जन्मतः व्यंग असलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करायचे नाकारले आणि बाळ मेले. हेलन केलर यांनी त्या डॉक्टरची बाजू घेतली, छापील पत्र लिहून घेतली. मतिमंद होऊ शकेल असे मूल जगवावे की नाही, हे डॉक्टरांच्या मंडळाने ठरवावे असा त्यांचा सूर होता. जिला स्वतःला घरच्या नातेवाइकांनी बिनकामाची ठरवले होते, तिने हे लिहावे! त्या काळात अमेरिकेतली अनेक शिकलेली माणसे असाच विचार करत, हे खरे आहे. तरी आमच्या मनाला ते पटत नाही आणि पटवून घ्यायचेही नाही. चरित्र सांगायचे तर हेही सांगावे लागते.

पैशाचा भाग आता येतो, आणि तोच खरा अवघड होता. हात पसरणे हेलन केलर यांना मनापासून आवडत नसे. अँड्र्यू कार्नेगी या पोलाद कारखानदाराने त्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम देऊ केली, तेव्हा त्यांनी नकार दिला होता. पुढे १९१३ मध्ये दौऱ्यावर असताना सुलिव्हन बाई आजारी पडल्या आणि परक्या गावात मदतीला कुणी नाही अशी अवस्था झाली, तेव्हा त्यांनी कार्नेगीला पत्र लिहून ती रक्कम स्वीकारली. खर्च भागेना म्हणून १९२० पासून चार वर्षे दोघी रंगमंचावर उभ्या राहिल्या. कसरती करणारे, गाणारे, जनावरांचे खेळ करणारे, यांच्यामध्ये वीस मिनिटांचा यांचा कार्यक्रम. लोकांनी नाके मुरडली. हेलन यांना मात्र ते आवडायचे, कारण ती मेहनतीची कमाई होती.

१९२४ पासून त्या अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेसाठी काम करू लागल्या. संस्थेला वीस लाख डॉलरचा कायम निधी उभा करायचा होता. गावोगावी सभा, सुलिव्हन बाई बोलणार, हेलन बोलणार, मग झोळी फिरणार. असे तीन वर्षे चालले. ३० जून १९२५ रोजी ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट इथे लायन्स क्लबांचे अधिवेशन होते. तिथे जाऊन त्यांनी लायन्सना दृष्टीचे काम हाती घ्यायला सांगितले. तेव्हापासून डोळ्यांचे काम हे लायन्सचे काम झाले. आपल्या तालुक्याच्या गावी लायन्स क्लबचे नेत्र तपासणी शिबिर लागते, शाळेच्या व्हरांड्यात म्हातारी माणसे रांगेत बसतात, त्याचा धागा त्या एका भाषणापर्यंत जातो. पुढे १९९० मध्ये लायन्सनी अंधत्व टाळण्याचा मोठा निधी उभारला आणि त्यातून लहान मुलांच्या अंधत्वाचाही कार्यक्रम जागतिक आरोग्य संघटनेबरोबर चालवला.

दुसरा धागा १९१५ चा आहे. जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवले. त्यातून वाचलेला जॉर्ज केसलर नावाचा एक श्रीमंत व्यापारी होता. जीव वाचला तर युद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी काही करीन असे त्याने ठरवले आणि हेलन केलर यांना सोबत घेऊन निधी सुरू केला. युद्ध संपले, निधी राहिला. त्याचे काम बदलत बदलत जगभरातल्या अंधांपर्यंत पोचले. या संस्थेच्या वतीने १९४६ ते १९५७ या काळात हेलन पस्तीस देशांत फिरल्या. १९५२ मध्ये इजिप्त, लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, इस्रायल. कैरोत त्या ताहा हुसेन यांना भेटल्या. अरबी भाषेचा हा थोर लेखक, इजिप्तचा माजी शिक्षणमंत्री. लहानपणी डोळे आले आणि गावच्या न्हाव्याने केलेल्या उपचारात दोन्ही डोळे गेले. म्हणजे पुन्हा तेच : लहान मूल, साधा आजार आणि आसपास कुणाला काही माहीत नाही.

१९५५ मध्ये, पंचाहत्तरीला आलेल्या हेलन पाकिस्तान आणि भारतासह आशियाच्या दौऱ्यावर आल्या. पाच महिने, चाळीस हजार मैल. मुंबईलाही आल्या, दिल्लीत पंडित नेहरूंना भेटल्या. सुलिव्हन बाई तेव्हा नव्हत्या. त्या १९३६ मध्ये वारल्या, शेवटी त्यांचीही दृष्टी पूर्ण गेली होती. सोबत पॉली थॉमसन असत.

त्याच सुमारास अमेरिकेत एक विचित्र प्रकार चालू होता. तो आम्ही मुद्दाम सांगतो, कारण नुसत्या दानाने काय होते ते त्यातून कळते. १९४० नंतर अपुऱ्या दिवसांची बाळे मोठ्या संख्येने आंधळी होऊ लागली. जगभरात अशी सुमारे दहा हजार मुले झाली. नवल असे, की हा प्रकार चांगल्या, सुसज्ज, पैसेवाल्या इस्पितळांत जास्त होता. गरीब इस्पितळांत कमी! शेवटी ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपास केला. अमेरिकेत १९५३-५४ मध्ये अठरा इस्पितळांनी एकत्र येऊन बाळांची पद्धतशीर नोंद ठेवली, त्याला सरकारी पैशाबरोबर दानसंस्थांचाही पैसा होता. निघाले काय, तर बाळ जगावे म्हणून काचेच्या पेटीत जो भरपूर प्राणवायू सोडत, तोच नाजूक डोळ्यांच्या रक्तवाहिन्या बिघडवत होता. ज्या दानशूर लोकांनी त्या पेट्या घेऊन दिल्या, त्यांचा काय दोष? पण तपासाला पैसा मिळाला नसता तर ते आणखी पेट्या घेऊन देत राहिले असते.

हेलन केलर १ जून १९६८ रोजी वारल्या. वय सत्त्याऐंशी. वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये सुलिव्हन बाईंच्या शेजारी त्यांची रक्षा ठेवली आहे.

इतर चरित्रे इथे थांबतात. आम्ही थांबत नाही, कारण केसलरबरोबर सुरू केलेल्या त्या निधीचे सर्वांत मोठे काम त्यांच्या मागून झाले. १९७७ मध्ये त्या संस्थेला हेलन केलर इंटरनॅशनल हे नाव मिळाले. त्याच वेळी ती इंडोनेशियात एका तपासाला मदत करत होती.

तपास होता अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. हे जीवनसत्त्व कमी पडले की मुलाला आधी संध्याकाळनंतर दिसेनासे होते. मराठीत रातांधळेपणा, उर्दूत रतौंधी. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके येतात, डोळा कोरडा पडतो, आणि गोवर किंवा जुलाब झाला की काही दिवसांत बुबुळ विरघळून जाते.

इथे आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मगरिबनंतर आम्ही वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेत असू. एक मुलगी रोज दारातल्या चपलांवर अडखळायची, पाण्याच्या मटक्याला धडकायची. दिवसा शाळेत अगदी ठीक. आम्ही तिला वेंधळी म्हणायचो, एकदा मटका फुटला तेव्हा रागावलोसुद्धा. शेवटी आशाताईंनी ओळखले. घरी जुलाबांचा आजार होऊन गेला होता आणि जेवणात चहा-बटर, चहा-पाव. डोस मिळाला, काही दिवसांत ती अंधारात नीट चालू लागली. बी.एड.च्या वर्गात आम्ही रातांधळेपणाची व्याख्या पाठ केली होती. समोर आलेला मात्र ओळखता आला नाही.

इंडोनेशियात डॉक्टर आल्फ्रेड सॉमर आणि तिथल्या सहकाऱ्यांनी पश्चिम जावाच्या पुरवाकार्ता भागात चार हजारांवर लहान मुलांना दर तीन महिन्यांनी दीड वर्ष तपासले. पैसा इंडोनेशियाच्या सरकारचा, अमेरिकन सरकारचा आणि हेलन केलर इंटरनॅशनलचा. शोधायचे होते की डोळे का जातात. नंतर सॉमर बाल्टिमोरला, हो, जिथे छोट्या हेलनला घेऊन वालिद गेले होते त्याच शहरात, या नोंदी पुन्हा पाहत बसले होते. तेव्हा १९८२ च्या अखेरीस त्यांच्या लक्षात आले की तपासणीला येणारी काही मुले पुढच्या वेळी यादीत नाहीत. ती मेली होती. ज्यांना फक्त रातांधळेपणा किंवा ते फेसाचे ठिपके होते, म्हणजे आजार सौम्य होता, त्या मुलांत मरण्याचे प्रमाण इतरांच्या चौपट होते. डोळ्यांचा आजार म्हणून ज्याकडे पाहिले, तो जिवाचा आजार निघाला.

मग सुमात्राच्या टोकाला आचे प्रांतात मोठी चाचणी झाली. मक्केचे अंगण म्हणून ओळखला जाणारा, २००४ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेला तोच आचे. ४५० गावे, पंचवीस हजारांवर मुले. निम्म्या गावांत सहा-सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल आधी दिली, बाकीच्यांना वर्षानंतर. कॅप्सूल मिळालेल्या गावांत मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले. १९८६ मध्ये हा निष्कर्ष छापून आला तेव्हा पुष्कळ तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही, आणि नेपाळ, भारत, सुदान अशा ठिकाणी पुन्हा चाचण्या झाल्या. मदुराईजवळ डॉ. लक्ष्मी रहमतुल्ला यांच्या चाचणीत दर आठवड्याला लहान डोस दिल्यावर मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हैदराबाद आणि सुदानच्या चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. पुढे उत्तर प्रदेशातल्या फार मोठ्या चाचणीतही, २०१३ मध्ये छापून आलेल्या, फायदा नगण्य दिसला. म्हणून कॅप्सूल कुठे किती उपयोगी यावर आजही वाद आहे. जिथे कुपोषण जास्त, गोवर जास्त, तिथे फायदा जास्त, असे साधारण दिसते. डोळे वाचतात यावर वाद नाही.

आपल्याकडे मशिदीत मोतीबिंदूच्या शिबिरासाठी चंदा मागितला तर लोक खिशात हात घालतात, अल्हमदुलिल्लाह. आम्हीही देतो. ऑपरेशन झालेला म्हातारा दुसऱ्या दिवशी नातवाला ओळखतो, दिलेला पैसा डोळ्यांनी दिसतो. गावोगाव फिरून मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या परिचारिकेच्या पगाराला पैसे द्या, असे कुणी मागितले तर? चार वर्षे काही दिसणार नाही. कदाचित हैदराबादसारखा निकाल लागेल आणि कळेल की अपेक्षा चूक होती. जकात अशा कामाला चालते का, हा मसला आलिमांना विचारावा, आम्ही त्यात पडत नाही. नफली सदक्याला तशी अडचण नसावी असे आम्हाला वाटते. पुरवाकार्ताच्या घराघरात फिरणाऱ्या पथकाचा खर्च असाच कुणीतरी दिला होता. त्यातले बरेचसे लोक हेलन केलर या नावावर विश्वास टाकून देणारे, इंडोनेशिया कधी न पाहिलेले.

भारतात अ जीवनसत्त्वाचे डोस १९७० पासून सुरू आहेत. आता पहिला डोस नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर आणि मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचे होईपर्यंत एकूण नऊ. अंगणवाडीत प्लास्टिकच्या छोट्या चमच्याने पिवळसर औषध पाजतात तेच हे. आमचा अनुभव असा, की पहिले एक-दोन डोस सगळे घेतात, कारण लसीला जावेच लागते. नंतरचे राहून जातात. मूल धावू लागले, निरोगी दिसते, मग कशाला जायचे. कार्डावर मागच्या रकान्यात बघावे, किती खुणा आहेत. आणि घरात शेवग्याचा पाला, गाजर, पपई, अंडी, जमेल तेव्हा कलेजी. रातांधळ्यावर कलेजीचा उपाय पुरातन इजिप्तच्या वैद्यांनाही माहीत होता. बकरी ईदच्या सकाळी सर्वांत आधी कलेजी शिजते, तेव्हा ती फक्त मोठ्यांच्या ताटात जाऊ नये.

ती चपलांवर अडखळणारी मुलगी आता नववीत आहे. तिच्या धाकट्या भावाचा सातवा डोस या महिन्यात आहे. आम्ही तिला तारीख विचारली, तर तिला पाठ होती.